बिडाचे जुने दिव्याचे खांब: वय कसं ओळखायचं आणि जागच्या जागी कसे वाचवायचे?

पाचवी_तार (बीड जिल्हा)

नमस्कार. मी एका नगरपरिषदेत वायरमन आहे, १९९६ पासून दिवाबत्तीच्या कामावर. खांबावरून तीन तारा फेजच्या जातात, एक न्यूट्रलची, आणि पाचवी असते ती फक्त रस्त्याच्या दिव्यांची. दिवस मावळला की ती पाचवी तार चालू करायची, एवढंच काम इतकी वर्षं केलं, म्हणून हे नाव घेतलं. गावाचं नाव लिहीत नाही. भंगाराचा भाव सगळ्यांना माहीत असतो, आणि मी ज्या खांबांबद्दल लिहितोय ते रात्रीतून जाऊ नयेत.

गावात एलईडीचं काम चालू आहे. गुत्तेदाराची माणसं रोज चाळीस-पन्नास जुने दिवे उतरवतात. त्या कामाला माझा विरोध नाही. सोडियमच्या दिव्याचा चोक जळाला, इग्निटर गेला म्हणून पावसात शिडी लावून मीच चढलोय. नव्या दिव्याला वीज कमी लागते आणि मागच्या गल्ल्या खरोखर उजळल्यात. पण यादीत तीन खांब असे आहेत की त्यांना पाना लावायला माझा हात धजत नाही.

एक जुन्या मोंढ्याच्या कोपऱ्यावर. तो रुळाचा आहे, म्हणजे आगगाडीचा रूळच उभा पुरलेला. वर वाकवलेल्या पाइपाला एनॅमलची छत्री, बाहेरून हिरवी, आतून पांढरी. छत्रीत १२५ वॅटचा मर्क्युरी दिवा आहे आणि तो अजून लागतो! नव्या पोरांनी मर्क्युरी पाहिला नसेल म्हणून सांगतो. बटन दाबलं की तो लगेच उजेड देत नाही. आधी जांभळट, मग निळसर, चार-पाच मिनिटांनी भरात येतो. मधेच लाईट गेली आणि लगेच आली तर तो रुसतो, थंड झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही. भारनियमनाच्या दिवसांत त्या कोपऱ्यावरचा चहावाला त्यालाच घड्याळ मानायचा. लाईट आल्यावर दिवा पूर्ण पेटेपर्यंत त्याचं आधण येत असे. मर्क्युरी एकदम मरत नाही, वर्षानुवर्षं मंद होत जातो. आता त्याचा उजेड हिरवट पडतो, खालच्या लिंबाची पानं त्यात ओली दिसतात. पालींना मात्र तो अजून आवडतो, कारण किडे त्याच्याकडंच येतात.

बाकीचे दोन जुन्या कचेरीच्या कमानीच्या दोन बाजूंना. ते बिडाचे. (आमच्या जिल्ह्याचं आणि या लोखंडाचं नाव एकच, म्हणून ‘बिडाचा खांब’ म्हटलं की पोरांना वाटतं बीडहून आणला. मी ओतीव लोखंडाबद्दल बोलतोय.) खाली पन्हळीदार जाड बुंधा, वर निमुळता होत गेलेला दांडा, आणि दिव्याच्या जरा खाली हातभर लांबीची आडवी दांडी, दोन्ही टोकांना लिंबाएवढे गोळे. ही दांडी कशाला हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. शोभेची असेल असं वाटायचं. एकदा आमची लोखंडी शिडी दुसरीकडं गेली होती म्हणून लाकडी घेऊन गेलो, ती खांबाला लावली आणि तिची वरची पायरी नेमकी त्या दांडीवर टेकली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. वायर नव्हती तेव्हा रोज संध्याकाळी रॉकेलचा डबा घेऊन कुणीतरी इथं चढायचा, काच पुसायचा, वात कापायचा. ही त्याच्या शिडीची जागा. त्या दिवशी मी खाली उतरल्यावर बराच वेळ खांबाला टेकून उभा होतो.

आता अडचण. उजवा खांब कमानीच्या ओट्यावर आहे, डावा रस्त्यात. टेप लावून मोजले. ओट्यावरचा बारा फूट चार इंच भरला, रस्त्यातला दहा फूट पाच. दोन्ही एकाच साच्यातले दिसतात, मग हे तेवीस इंच कुठं गेले? रस्त्यात गेले. खडी, डांबर, पुन्हा डांबर, मग सिमेंट. माझ्याच नोकरीत चार थर चढलेले मी पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी खांबाचा बुंधा थोडा थोडा बुजत गेला. वर तीन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीची धडक बसली. बुंध्याच्या वर वीतभर तिरपी चीर आहे आणि खांब कमानीकडं कलला आहे.

उजव्याच्या बुंध्यात तळहाताएवढं झाकण आहे. रंगाचे थर खरवडले तर खाली उठावाचे उर्दू आकडे निघाले. शेजारच्या चाचांनी वाचून सांगितलं, तेराशे सेहेचाळीस. आता १३४६ साली तर बहामनी राज्यसुद्धा उभं राहिलं नव्हतं. मग हा खांबाचा नंबर आहे का आणखी काही?

तिन्ही खांब निर्लेखनाच्या यादीत आहेत. म्हणजे नोंद काढायची, वजन करायचं, लिलाव. साहेब माणूस चांगला आहे, पण तो विचारतो, ‘हे जुने आहेत याला आधार काय? आणि चिरलेला खांब उद्या कुणाच्या अंगावर पडला तर?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. वय कसं सिद्ध करू? चीर वेल्डिंगनं सांधता येते का? आणि कुणाकडं असे खांब शिल्लक असतील तर आज त्यांची काय अवस्था आहे, तेही लिहा.

पूर्णा_मीटरगेज

भाऊ, रुळाच्या खांबाचं उत्तर खांबावरच लिहिलेलं आहे. मी गँगमन म्हणून लागलो आणि मुकादम म्हणून निवृत्त झालो, सगळी नोकरी रुळावर चालत गेली. रुळाचं वरचं डोकं आणि खालचा पाय यांच्यामधल्या उभ्या पट्टीवर ठरावीक अंतरानं उठावाची अक्षरं असतात. कारखान्याचं नाव, साल, बऱ्याचदा महिना, वजनाची खूण, कधी रेल्वे कंपनीची आद्याक्षरं. रूळ तापलेला असतानाच ती उमटवतात, म्हणून शंभर वर्षांनीही पुसत नाहीत, फक्त रंगाखाली दबतात. तारेच्या ब्रशनं घासा, छिन्नी लावू नका. दुपारच्या उन्हात काही दिसणार नाही. संध्याकाळी उजेड तिरपा झाला की वाचा, किंवा पातळ कागद लावून वर कोळसा घासा, अक्षरं कागदावर येतील.

एक ध्यानात ठेवा. ते साल रूळ तयार झाल्याचं, खांब पुरल्याचं नाही. मनमाड–सिकंदराबाद ही आमची मीटरगेज १९०० च्या आसपास झाली. रूळ आधी मुख्य लाईनवर झिजतो, मग यार्डात जातो, मग साइडिंगला, आणि तिथूनही निघाला की कुंपण, खांब, मोरीवरची तुळई. त्यामुळं खांब त्या सालाच्या आधीचा नाही एवढं पक्कं सांगता येईल, पुढं किती ते दप्तरातच शोधावं लागेल. रुळाची रुंदी-उंची मोजून मला कळवा. आमच्याकडं ५० पौंडी आणि ६० पौंडी रूळ असायचे, म्हणजे एक यार्ड (तीन फूट) लांबीचं वजन तेवढं, मोठ्या लाईनचा (ब्रॉडगेजचा) रूळ त्याहून बराच जाड.

तुम्ही काच पुसणाऱ्याचं लिहिलं आणि मला लहान स्टेशनांवरचे रॉकेलचे दिवे आठवले. काचेवर स्टेशनचं नाव रंगवलेलं असायचं. रात्रीच्या गाडीआधी पॉइंटमन दिवा लावायचा आणि अंधारात नुसतं नाव उजळायचं, बाकी फलाट दिसायचाच नाही. गेज बदललं तेव्हा ते दिवे गेले. एकही कुठं लावलेला मी नंतर पाहिला नाही.

गल्लीतला_पोरगा

दादा लवकर करा. आमच्या इथं असे दोन खांब व्हते देवळाम्होरं. शाळंत असताना एका हातानं धरून गोल गोल फिरायचो. रस्ता रुंद करताना एका रात्रीत गेले, कुटं गेले कुनालाच ठाव न्हाई. फोटो बी न्हाई एक. तुमी पयले फोटो काडा, चारी बाजूनं, टेप लावून.

दप्तरखाना (संभाजीनगर)

वायरमन दादा, तुमचा १३४६ हा नंबर नाही, ते सालच असणार. मी महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात होते, निजामाच्या काळातले कागद रोज हाताखालून जायचे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, दप्तराची भाषा उर्दू आणि साल फसली, म्हणजे महसुलाच्या हिशोबाचं. फसलीत ५९० मिळवले की आपलं इसवी साल येतं, वर्ष ऑक्टोबरला बदलायचं म्हणून दोन साली लिहितात. १३४६ फसली म्हणजे १९३६-३७.

पण घाई करू नका. संस्थानाच्या नाण्यांवर हिजरी साल असायचं, आणि १३४६ हिजरी म्हणजे १९२७-२८. झाकणावर कुठलं साल घालायचं हे ओतणाऱ्यानं ठरवलं की हुकूम देणाऱ्या कचेरीनं, यावर ते अवलंबून आहे. कचेरीसमोरचा खांब आहे, म्हणून माझा कल फसलीकडं. आकड्यांच्या शेजारी एखादं अक्षर, छोटी खूण आहे का ते चाचांना पुन्हा नीट बघायला सांगा. ‘फे’ असेल तर फसली, ‘हे’ असेल तर हिजरी. दोन्हींत फरक नऊ वर्षांचा, तुमच्या साहेबांना दाखवायला कुठलंही चालेल. साधारण नव्वद वर्षं तर झालीच.

खांब नाही, पण एक हात आमच्याकडं आहे. गुलमंडीच्या आतल्या गल्लीत आमच्या वाड्याच्या कोपऱ्यावर भिंतीत शिसं ओतून बसवलेला लोखंडी हात, नागमोडी, टोकाला कडी. त्याला कंदील अडकवायचे. कंदील माझ्या सासूबाईंनीही पाहिलेला नाही. पण तो होता हे भिंतच सांगायची, हाताच्या वर दगडावर काजळीचा काळा डाग आहे, किती वेळा चुना दिला तरी महिन्याभरात परत उमटतो. दिवाळीत गल्लीचा आकाशकंदील त्याच कडीला लागतो. मागच्या वर्षी भिंत पाडायचं ठरलं तेव्हा मी मिस्त्रीला सांगून तो दगडासकट काढला आणि नव्या भिंतीत त्याच उंचीवर बसवला. काळा डाग असलेला दगडही वर ठेवला.

ओतशाळा_जालना

दादा, कृपा करून साधा वेल्डिंग रॉड त्या चिरेला लावू देऊ नका. तुमच्या प्रश्नात हा एकच भाग असा आहे की चुकलं तर परत दुरुस्त होत नाही.

बिडात कार्बन भरपूर, शेकडा दोन ते चारच्या घरात, आणि तो आत पापुद्र्यासारखा पसरलेला असतो. म्हणून बीड दाब पेलतं पण वाकत नाही, तडकतं. साध्या रॉडनं एक जागा तापवली की सांध्याच्या कडेला लोखंड काचेसारखं कडक होतं आणि गार होताना चिरेच्या शेजारी नवी चीर पडते. तुमच्यासमोर सांधा चकाचक दिसेल, पंधरा दिवसांनी टिचकी मारा, भद्द आवाज येईल. करायचंच तर निकेलचा रॉड, भाग आधी सगळीकडून तापवून, इंच-इंच टाका, प्रत्येक टाक्यावर हलकी हातोडी, आणि शेवटी चुन्यात किंवा राखेत झाकून हळूहळू गार करायचा. रस्त्यात उभ्या खांबाला हे नीट जमत नाही.

त्यापेक्षा असं करा. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढं धावणार नाही. बाहेरून दोन अर्धगोल पट्टे बोल्टनं आवळा, मधे शिशाचा पातळ पत्रा. आणि भार खांबावर ठेवूच नका. खांब पोकळ असणार, वायर आतूनच गेली असेल. आतून पोलादी नळी घाला, ती खाली नव्या काँक्रीटच्या पायात पक्की करा, दिवा आणि वारा नळी पेलेल, बीड नुसतं तिच्याभोवती उभं राहील. साहेबांच्या ‘अंगावर पडला तर’ याला हेच उत्तर आहे. खांबाच्या पोटात काँक्रीट मात्र ओतू नका, पाणी अडकतं आणि आतून गंज धरतो. तळाशी पाणी निघायला भोक ठेवा. अर्थिंग वेगळं द्या, ते तुम्हाला सांगायला नको.

बीडच आहे ना याची खात्री करायची तर नकळत्या जागी ग्राइंडर क्षणभर टेकवा. पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळ्या, फुलबाजीसारख्या. बिडाच्या आखूड आणि लालसर. खांबावर उभी बारीक शीर दिसेल, ती साच्याच्या दोन अर्ध्यांचा जोड. झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याचं नाव असू शकतं, उघडून बघा. त्या काळात ओतीव काम लांबून यायचं, म्हैसूरच्या राजवाड्यातले खांब तर ग्लासगोच्या मॅकफार्लेनच्या ओतशाळेतले आहेत.

आणि एखादा तुकडा नवा करायचा झाला, गोळा किंवा झाकण, तर जुना तुकडाच वाळूत दाबून साचा काढू नका. बीड गार होताना शेकड्याला एक या मापानं आकसतं, नवा तुकडा लहान भरेल आणि बसणार नाही. लाकडी फर्मा थोडा मोठा करावा लागतो. गोळा हवा असेल तर मला मापं पाठवा, मी ओतून देतो. पैशाचं बोलू नका.

नवी_वसाहत

खांब बागेत हलवले तर? कुंपण असेल, ट्रॉली लागणार नाही, पाटी लावता येईल, लोक फोटोही काढतील. रस्त्यात ठेवून रोजचा धोका कशाला?

पाचवी_तार

मंडळी, तीन आठवडे लागले म्हणून उशिरा लिहितोय.

मुकादम काका, कोळशानं कागद घासला आणि हात थरथरला. साल अगदी स्वच्छ आलं, १९०९. कारखान्याचं नाव अर्धं गंजानं खाल्लंय. मापं तुम्हाला वेगळी पाठवलीत. वर टोकाशी फिशप्लेटची, म्हणजे दोन रूळ जोडायच्या पट्टीची, दोन भोकंही सापडली, इतकी वर्षं मी त्यातून दिव्याची तार बांधत होतो.

ताई, चाचांनी भिंग घेऊन पाहिलं. आकड्यांच्या डावीकडं छोटा ‘फे’ आहे. फसलीच! चाचा दोन वेळा म्हणाले, ‘माझ्या जन्माच्या आधीचा निघाला हा.’ झाकणाच्या आत नाव नाही, नुसती गांधीलमाशीची घरं होती.

मग डाव्याचा बुंधा उकरला. परवानगी घेऊन, रविवारी, मी आणि गावातली चार पोरं. सिमेंट फोडायला वेळ गेला, पण खालच्या थरांत हातानं काम केलं. डांबराचे दोन थर, मधे खडी, त्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली बुंध्याची शेवटची कड. त्यावर पानांची वेल आहे. ओट्यावरच्या खांबाला ती कड ओट्याच्या चुन्यात गेलेली, त्यामुळं ही वेल जिवंत माणसांपैकी कुणी पाहिली नसावी. मातीत होती म्हणून रंगाचे थर तिच्यावर नाहीत, पानांच्या शिरासुद्धा मोजता येतात. चीर तिथपर्यंत गेलेली नाही. आता भोवती चौकोनी खड्डा बांधून वर जाळी टाकायची आहे, म्हणजे पुढचा थर आला तरी बुंधा बुजणार नाही.

जालन्याच्या दादांनी सांगितलं तसं नळीचं अंदाजपत्रक करून दिलं. साहेबांनी फोटो, कोळशाचा कागद आणि ताईंचा हिशोब फाइलला लावला. तिन्ही खांब निर्लेखनाच्या यादीतून निघाले आणि जडवस्तू नोंदवहीत वेगळ्या पानावर चढले, सालासकट. सभेचा ठराव व्हायचा आहे, तोवर गुत्तेदाराला त्या खांबांना हात लावू नका असं लेखी गेलंय.

बागेत हलवायचं सुचवणाऱ्या भावांना उत्तर देतो, कारण आमच्याकडंही तेच आलं होतं. तुमचा हेतू चांगला आहे. पण बागेत तो खांब सात वाजता फाटक बंद झालं की कुणासाठी लागणार? कमानीतून रात्री एसटीवरून उतरलेली माणसं येतात, दवाखान्यात निघालेली येतात, पहाटे दूधवाले येतात. १९३६ ला त्यांच्यासाठीच तो तिथं उभा केला. रस्त्यावर उजेड करणं हे नगरपरिषदेचं कायद्यानं बंधनकारक काम आहे, आणि तो खांब ते काम अजून करू शकतो. ट्रॉलीसाठी दोन दगडी गुंडे पुरलेत समोर, जुन्या वाड्यांच्या कोपऱ्यावर असतात तसे.

बिडाच्या दोन्ही खांबांना आता पिवळसर उजेडाचा एलईडी बल्ब लावला आहे, पांढराशुभ्र नाही. पांढरा लावून पाहिला होता, कमानीचा दगड त्यात मेल्यासारखा दिसायला लागला.

रुळावरचा मर्क्युरी जोवर लागतो तोवर काढणार नाही, हेही साहेबांनी मान्य केलं. पाऱ्याच्या मिनामाता करारात हे दिवे बनवणं थांबवायचं ठरलंय, आणि मला ते पटतं, फुटला की पारा मातीत जातो. म्हणून हा गेला की फोडून टाकायचा नाही, नीट डब्यात घालून द्यायचा. पण छत्रीतला होल्डर तीन पिनांचा आहे, घरचा बल्ब त्यात बसत नाही, आणि तो होल्डर मला बदलायचा नाही. तीन पिनांच्या खाचेत बसेल असा अडॅप्टर कुणी करून देत असेल, किंवा कुणाच्या जुन्या दुकानात अशा होल्डरचा माल पडून असेल, तर इथं लिहा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, फक्त संध्याकाळी सहाच्या आत परत पोचायला हवं.